तापलेल्या पाण्यातल्या पिढ्या

बडा फुहारा हा जबलपूरच्या जुन्या शहराचा चौक. शेजारी १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेलं कमानिया गेट, भोवती सराफा आणि कापडाची दुकानं; दिवाळीच्या आधी पाऊल टाकायला जागा मिळत नाही. इथून हनुमानताल पायी गाठता येतो, नर्मदेचा ग्वारीघाट मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जबलपूरला एके काळी बावन्न तलावांचं शहर म्हणत. राणीताल, चेरीताल, अधारताल ही नावं पत्त्यांत टिकून आहेत. राणीतालाच्या जागी आज क्रीडासंकुल आहे. जी तळी उरली त्यांतलं उथळ पाणी मे महिन्यात चांगलंच तापतं. पारा ४२ च्या पुढे गेला की माणूस दुकानाच्या छपराखाली सरकतो. तळ्यातल्या रोहू-कटल्याला सरकायला फक्त खाली जागा असते, आणि तळं उथळ असेल तर तीही नसते.

माशाच्या अंगाचं तापमान म्हणजे भोवतालच्या पाण्याचं तापमान. ट्यूनासारखे मोजके अपवाद सोडले तर हा नियम सगळ्यांना लागू. पाणी दहा अंशांनी तापलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. अन्न लवकर पचतं, हृदय जलद चालतं, स्नायू जास्त प्राणवायू मागतात. अडचण अशी की नेमकं त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटत असतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सात. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो. त्यात तळ्यात शेवाळ माजलेलं असेल तर रात्री तेही श्वसन करतं, म्हणून उन्हाळ्यात मासे मरतात ते बहुधा पहाटे. मत्स्यशेती करणारे तळ्यात पाणी उडवणारी यंत्रं लावतात ती याचसाठी: हवेत उडालेला थेंब थोडा गार होतो आणि प्राणवायू घेऊन परत येतो.

पण मेलेल्या माशांचा खच हा या गोष्टीतला सगळ्यात ठळक आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. खच दिसतो, बातमी होते, आठवड्यात विसरली जाते. पाण्याची खरी उष्णता काम करते ती न मरणाऱ्या माशांवर, आणि त्यांच्या नातवंडांवर.

सुरुवातीला ऊब फायद्याचीच असते. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी रोहूची बोटुकली २६, ३१, ३३ आणि ३६ अंशांच्या पाण्यात वाढवून पाहिली. वाढ सर्वांत चांगली झाली ती ३१ ते ३३ अंशांच्या टप्प्यात. ३६ ला ती घसरली. म्हणजे रोहूसारख्या उष्ण प्रदेशातल्या माशाला थंडीपेक्षा ऊब मानवते, पण त्याच्या सुखाची पट्टी वरच्या टोकाला अचानक संपते. खाली उतार हळूहळू आहे, वर कडा आहे. आपल्याकडचे मासे मुळातच त्या कड्याजवळ राहतात. नॉर्वेच्या थंड पाण्यातल्या माशाला दोन अंश वाढले तर कदाचित बरंच वाटेल. जबलपूरच्या तळ्यातल्या माशाला मे महिन्यात तेच दोन अंश परवडणारे नसतात.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. गरम पाण्यात लहानपणी मासा झपाट्यानं वाढतो, पण लवकर वयात येतो आणि पूर्ण वाढलेला मासा आकारानं लहान राहतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड ॲटकिन्सन यांनी १९९४ मध्ये अनेक थंड रक्ताच्या प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडून दाखवलं की हा कल माशांपुरता नाही, कीटक आणि कवचधारी प्राण्यांतही दिसतो. कारण काय, यावर मात्र अजून भांडण आहे. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाचं म्हणणं भूमितीवर उभं आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की कल्ल्यांचं क्षेत्रफळ साधारण चौपट वाढतं, शरीराचं आकारमान मात्र आठपट. त्यामुळे मासा मोठा होत जातो तसा दर ग्रॅम मांसामागे कल्ल्यांतून मिळणारा प्राणवायू कमी पडत जातो, आणि एका आकाराला वाढ थांबते. पाणी गरम असेल तर ती वेळ लवकर येते. पॉली आणि विल्यम चेउंग यांनी २०१३ मध्ये याच हिशेबावरून भाकीत केलं की २००० ते २०५० या काळात जगभरातल्या सागरी माशांचं कमाल वजन सरासरी १४ ते २४ टक्क्यांनी घटेल. शरीरक्रियाशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. त्यांचा आक्षेप असा की कल्ले ही काही ठोकळ्याच्या पृष्ठभागासारखी गोष्ट नाही. त्यांच्या घड्या वाढू शकतात आणि मासा मोठा होताना ते गरजेप्रमाणे वाढतातही. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. पण कारण कोणतंही निघो, कल आकड्यांत दिसतो.

उत्तर समुद्रात चाळीस वर्षांत पाणी एक ते दोन अंशांनी तापलं. ॲलन बोदरों आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिथल्या आठ व्यापारी जातींची मापं तपासली. त्यांतल्या सहा जातींचा पूर्ण वाढीचा आकार त्याच काळात घटला होता. मग २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या ३३५ जातींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात चित्र एवढं सरळ निघालं नाही: गरम पाण्यात निम्म्याहून थोड्या जास्त जाती लहान झाल्या, बाकीच्या चक्क मोठ्या. 'मासे आक्रसताहेत' असं एका ओळीत सांगून मोकळं होणाऱ्यांनी ही पाहणी जरूर वाचावी.

सगळ्यात बोलका पुरावा स्वीडनमध्ये आहे. फोर्समार्क अणुवीज केंद्रानं बाल्टिक समुद्राच्या काठी सुमारे एक चौरस किलोमीटरचं पाणी बांध घालून वेगळं केलं आणि १९८० पासून केंद्राचं गरम पाणी त्यातून सोडलं. आतलं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा पाच ते दहा अंशांनी गरम. आत अडकलेले पर्च मासे दोन दशकांहून अधिक काळ, पिढ्यान्‌पिढ्या, तिथेच जन्मले आणि मेले. २०२३ मध्ये त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा पुस्तकी नियम उलटा पडलेला दिसला. गरम पाण्यातल्या माद्या त्याच वयाच्या बाहेरच्या माद्यांहून मोठ्या होत्या. पण त्या मरत होत्या लवकर. म्हणून मापापेक्षा वय पाहायला हवं. पाणी तापलं की माशाचं आयुष्य घाई केल्यासारखं वेगानं सरतं: वाढ लवकर, वयात येणं लवकर, मरणही लवकर. मासा लहान झाला नाही तरी कळपात म्हातारे मासे उरत नाहीत.

म्हातारे मासे उरले नाहीत तर बिघडतं काय? बाजाराच्या दृष्टीनं पाहिलं तर पाच किलोचा एक मासा आणि एक किलोचे पाच यांत फार फरक नाही. कळपाच्या दृष्टीनं फरक प्रचंड आहे. डिएगो बार्नेचे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३४२ जातींच्या माद्यांची गाभोळी मोजली. निष्कर्ष असा निघाला की मादीचं वजन ज्या प्रमाणात वाढतं त्याहून अधिक वेगानं तिची अंडी वाढतात. अटलांटिक कॉडची तीस किलोची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढी दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या मिळूनही घालत नाहीत. अनेक जातींत मोठ्या मादीची अंडीही मोठी असतात, पिवळा बलक जास्त, आणि त्यातून निघणारं पिल्लू पहिले काही दिवस उपाशी तग धरू शकतं. शिवाय मोठी मादी जास्त दिवस अंडी देत राहते. नदीत अंडी घालायला लागणारा पूर एखाद्या वर्षी चुकला तरी पुढचं वर्ष तिच्याकडे असतं; एकदाच अंडी घालून मरणाऱ्या लहान मादीकडे नसतं. मोठ्या माद्या कमी झाल्या की कळपाचं एकूण वजन फारसं न घटताही पुढच्या पिढीची शिदोरी निम्मी होऊ शकते.

अंड्यांवर उष्णतेचा थेट हल्लाही होतो. मादीच्या मेंदूतून निघालेला इशारा पीयूषिका ग्रंथीला जातो, ती अंडाशयाला चालना देते, अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतं, इस्ट्रोजेन यकृताला बलकाचं प्रथिन बनवायला सांगतं, ते रक्तातून परत अंडाशयात येऊन अंड्यात साठतं. या साखळीत अरोमाटेज नावाचं एक विकर नर-संप्रेरकाचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं, आणि जास्त उष्णतेत ते मंदावतं. परिणाम दोन. बलक कमी पडतो, अंडी लहान आणि कमजोर निघतात, काही वेळा मादी तयार झालेली अंडी न घालताच शरीरात शोषून घेते. दुसरा परिणाम पिल्लांच्या लिंगावर. अनेक माशांत नर होणार की मादी हे सगळं गुणसूत्रांवर ठरत नाही. पिल्लूपणीचं तापमान त्यात ढवळाढवळ करतं. नाईल तिलापियाची पिल्लं ३६ अंशांच्या आसपास वाढवली तर नरांचं प्रमाण खूप वाढतं. तिलापिया पाळणाऱ्याला नर लवकर वाढतात म्हणून ते चालतं. नदीला नाही चालत.

अंडं आणि अंड्याला आलेली मादी या माशाच्या आयुष्यातल्या दोन सर्वांत नाजूक अवस्था. जर्मनीतल्या फ्लेमिंग डाल्के यांच्या गटानं २०२० मध्ये ६९४ जातींची माहिती एकत्र करून दाखवलं की या दोन अवस्था पिल्लांपेक्षा आणि एरवीच्या प्रौढ माशांपेक्षा कितीतरी अरुंद तापमानात जगतात. पृथ्वी सर्वांत वाईट अंदाजाप्रमाणे तापली तर शतकाअखेर त्यांतल्या सुमारे साठ टक्के जातींचं प्रजनन धोक्यात येईल, दीड अंशावर थांबवली तर सुमारे दहा टक्क्यांचं. बोटुकलीला ३३ अंश सोसतात म्हणून रोहूची काळजी नाही, असं म्हणणारा माणूस चुकीच्या वयाचा मासा मोजतो आहे.

मग पिढ्यान्‌पिढ्या उष्णतेत राहून मासे सरावणार नाहीत का? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आशेची जागा तीच आहे. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल इथल्या जेम्स कुक विद्यापीठात जेनिफर डोनेल्सन, फिलिप मंडे आणि सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरियर रीफवरचा एक छोटा काटेरी मासा निवडला. या माशाची पिल्लं समुद्रात वाहून जात नाहीत, आईबापांजवळच वाढतात, त्यामुळे टाकीत पिढ्या वाढवणं सोपं. पाणी नेहमीपेक्षा दीड आणि तीन अंशांनी गरम ठेवलं. पहिल्या पिढीची प्राणवायू वापरण्याची ताकद घटली. पण त्याच गरम पाण्यात वाढलेल्या आईबापांची पिल्लं, म्हणजे दुसरी पिढी, पूर्णपणे सावरलेली निघाली. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी खळबळ झाली. जनुकं तीच होती. दोन पिढ्यांत उत्क्रांती होत नसते. आईबापांच्या अनुभवानं पिल्लांतल्या काही जनुकांचं चालू-बंद होणं बदललं होतं.

पण श्वास सावरला म्हणून वंश सावरतोच असं नाही. गरम पाण्यात माद्यांचं प्रमाण घटलं होतं; आईबापही त्याच पाण्यात वाढलेले असले की दीड अंशाच्या टाकीत पुढच्या पिढीत ते पुन्हा जाग्यावर आलं, तीन अंशांच्या टाकीत पूर्ण आलं नाही. आणि २०१६ च्या प्रयोगात एक बारीक पण फार मोलाची गोष्ट दिसली: पहिल्या पिढीला दीड अंश आणि दुसरीला तीन अशी पायरीपायरीनं उष्णता वाढवली तर प्रजननक्षमता जास्त टिकली, एकदम तीन अंशांत टाकलं तर नाही. बदल किती झाला यापेक्षा तो किती पिढ्यांत झाला हा प्रश्न माशाच्या दृष्टीनं मोठा आहे.

दुसरा प्रयोग आपल्या मातीतल्या माशावर झाला. झेब्राफिश हा काळ्या-निळ्या पट्ट्यांचा बोटभर मासा जगभरच्या प्रयोगशाळांत असतो, पण त्याचं घर भारतातल्या भातशेतीच्या ओहोळांत आणि डबक्यांत आहे. नॉर्वेतल्या ट्रोंडहाइम इथल्या फ्रेड्रिक युटफेल्ट यांच्या गटानं पश्चिम बंगालमधून जंगली झेब्राफिश नेले आणि दर पिढीत सर्वांत जास्त उष्णता सोसणारे मासे निवडून पुढची पिढी त्यांच्यापासून घेतली. सहा पिढ्या, सुमारे वीस हजार मासे. कमाल सहनशक्ती वाढली ती दर पिढीला अवघी ०.०४ अंशांनी. साधा हिशेब करा: एक अंश वाढायला पंचवीस पिढ्या. झेब्राफिशच्या पिढ्या महिन्यांत मोजता येतात, त्याला हे कदाचित जमेल. चार-पाच वर्षांनी वयात येणाऱ्या मोठ्या नदीमाशाला पंचवीस पिढ्या म्हणजे शंभरावर वर्षं. तीही माणसानं कडक निवड करून. नदीत एवढी कडक निवड झाली तर तिथे मासेच उरणार नाहीत.

नर्मदेतला असा मोठा, सावकाश मासा म्हणजे महाशीर. मध्य प्रदेशानं २०११ मध्ये त्याला राज्यमासा केलं. नर्मदाकाठी त्याला बाड़स म्हणतात, आपल्याकडे याच्या सह्याद्रीतल्या भाऊबंदाला खडशी. १९५८ ते १९६६ या काळात केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेनं नर्मदेची पाहणी केली तेव्हा महाशीर हा इथल्या पकडीतला प्रमुख मासा होता. आज तो तसा राहिलेला नाही. यात उष्णतेचा वाटा कितीही असला तरी पहिला वाटा धरणांचा आहे, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. हवामानाच्या नावावर सगळं ढकलून देण्याची सोय अलीकडे फार जणांना सापडली आहे. महाशीरची अंडी रोहूच्या मानानं मोठी, पिवळसर, आणि संख्येनं फार कमी. ती तळाच्या गोट्यांत पडतात आणि त्यांना वाहतं, स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. भेडाघाटच्या खडकांतून धावणारी नर्मदा हे त्याचं घर. बरगीच्या मागे थांबलेली नर्मदा नाही.

बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झालं, नर्मदेवरच्या मोठ्या धरणांच्या मालिकेतलं पहिलं. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. विस्थापितांनी लढून १९९४ मध्ये या जलाशयात मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी मिळवला. देशातल्या विस्थापितांच्या लढ्यांत हे उदाहरण अजून सांगितलं जातं. एवढा मोठा जलाशय उन्हाळ्यात थर धरतो: वरचं पाणी तापलेलं, तळाचं गार पण प्राणवायूविना. पाणी वरच्या दारांतून सोडलं तर खालच्या नदीला ऊन पाणी मिळतं, खालून वीजघरातून सोडलं तर गार आणि गुदमरलेलं. दोन्ही प्रकारांत नदीचं स्वतःचं ऋतुचक्र मोडतं. अंडी घालायची वेळ माशाला कळते ती वाढत्या उबेवरून आणि नंतर आलेल्या पुराच्या गढूळ, गार पाण्यावरून. धरणाखालच्या माशाला हा निरोप चुकीच्या वेळी पोचतो किंवा पोचतच नाही.

याच जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यात चुटका इथे प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश वीज होते, उरलेली दोन तृतीयांश कुठेतरी टाकावी लागते. ती हवेत जाणार की पाण्यात, परत येणारं पाणी जलाशयापेक्षा किती अंश गरम असणार आणि ते कोणत्या महिन्यात सोडणार, हे प्रश्न चुटक्याच्या बाबतीत किरणोत्साराइतकेच विचारायला हवेत. वार्षिक सरासरी देऊन चालणार नाही. माशाला सरासरी कळत नाही, त्याला मेमधली दुपार कळते.

गंगेवर तापत्या पाण्याची चाहूल आधीच लागलेली आहे. हरिद्वारजवळच्या थंड पट्ट्यात १९७०-८६ या काळात पाण्याचं सरासरी किमान तापमान १३ अंश होतं, १९८७-२००३ मध्ये ते साडेचौदा झालं, आणि खालच्या उष्ण पट्ट्यातल्या काही जाती तिथवर चढून आल्या. बंगाल-ओडिशातल्या मत्स्यबीज केंद्रांवर रोहू-कटल्याची पैदास पूर्वी जूनच्या आसपास सुरू होई. आता ती मार्चपासूनच सुरू करता येते. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन रोहू-कटल्याच्या वर्गातल्या मेजर कार्पचं प्रजनन घडवलं तेव्हापासून मत्स्यबीजासाठी नदीच्या पुरावर अवलंबून राहावं लागत नाही. केंद्रचालकाला वाढलेला हंगाम नफ्याचाच. पण नदीत इंजेक्शन देणारं कोणी नाही. तिथे मादी मेमध्ये तयार झाली आणि पूर जुलैत आला, तर मधले आठवडे तिनं अंडी पोटात घेऊन तापलेल्या, आटलेल्या डोहात काढायचे.

समुद्राची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, इथे दोनच ओळी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाच्या मते १९५० ते २०२० मध्ये हिंदी महासागराचा पृष्ठभाग शतकाला १.२ अंश या वेगानं तापला. केरळ-कर्नाटकाची तारली उत्तरेला आपल्या किनाऱ्यापर्यंत सरकली आहे. चेन्नईजवळच्या राणी माशानं तर जागा न सोडता वेळ बदलली: १९८० च्या सुमारास त्याच्या अंड्यांवरच्या माद्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एप्रिल ते सप्टेंबरच्या उष्ण महिन्यांत सापडत, पंचवीस वर्षांत त्या अगदी थोड्या उरल्या आणि जवळजवळ सगळं प्रजनन थंड महिन्यांत गेलं. समुद्रातल्या माशाला सरकायला जागा आणि वेळ दोन्ही आहे. दोन धरणांमध्ये कोंडलेल्या नदीमाशाला दोन्ही नाही.

माणसाच्या हातात जे आहे ते म्हणूनच स्थानिक आहे. खोल डोह राखणं, काठावरची झाडं राखणं, गौर आणि परियटसारख्या उपनद्यांचं पाणी गार आणि वाहतं ठेवणं, आणि सगळ्यात आधी मोठ्या माद्या राखणं. मोठेच मासे वेचून काढले तर उष्णता जे सावकाश करते ते जाळं चार पिढ्यांत करतं. अमेरिकेत डेव्हिड कोनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी २००२ मध्ये सिल्व्हरसाइड माशांवर ते दाखवलं. मोठे मासे काढलेल्या टाकीत आणि लहान काढलेल्या टाकीत चौथ्या पिढीला माशांच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक पडला होता. महाराष्ट्रात देवाच्या नावानं ही राखण आपोआप झाली. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड, वैतरणेवर तिळसे, इंद्रायणीवर देहू: या डोहांतले मासे कोणी मारत नाही, म्हणून तिथे पुरुषभर पाण्यात हातभर खडशी दिसते. लोणावळ्याला वळवण इथल्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी सत्तरच्या दशकापासून खडशीच्या माद्यांची अंडी हातानं काढून लाखो पिल्लं वाढवली, देशभर धाडली. काम मोठं, पण खडशीची ती पिल्लं कावेरीत सोडल्यावर तिथल्या मूळच्या वशिंडाच्या महाशीरचं नुकसान झालं. परक्या पाण्यातलं बीज आणून सोडणं हा डोह राखण्याला पर्याय नाही, आणि गरम पाण्याला सरावलेल्या आईबापांची पिल्लं त्याच पाण्यात चांगली तगतात हे कळल्यावर तर अजिबातच नाही.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांत मासेमारी बंद असते, महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै. या तारखा जुन्या पावसावर आणि जुन्या पाण्यावर ठरलेल्या आहेत. माद्या मेमध्येच भरू लागल्या असतील तर जूनच्या मध्यावर आलेली बंदी त्यांना उशिरा पोचते. जबलपुरात नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. ग्वारीघाट, तिलवारा, भेडाघाट आणि बरगीच्या खाली पाण्यात बारा महिने तापमापक ठेवायचे आणि दर पंधरवड्याला बाजारातल्या माद्यांची गाभोळी तपासायची, हे तिथल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं काम आहे. पाच वर्षांच्या अशा नोंदी हातात असल्या तर बंदीची तारीख पुढेमागे करण्याची मागणी आधारासह करता येईल. तोवर ग्राहकानं स्वतःपुरतं एक करावं. एप्रिल-मेपासूनच नदीतला मोठा, पोट फुगलेला मासा विकत घेऊ नये, विक्रेत्यानं गाभोळी भरलेली आहे म्हणून कितीही आग्रह केला तरी. तळ्यातला पाळलेला रोहू घ्यावा.